निळ्या पाण्यातली खरखर

आधी कठडा धरा. जहाज डावीकडे कलतंय आणि सकाळचा नाश्ता पोटात उजवीकडे निघालाय. हा अटलांटिकमधला सर्गासो समुद्र, साल 1985. डेकवर तळपाय भाजतायत, डिझेलचा वास नाकातून हलत नाही. पाण्यावर पिवळट तपकिरी शेवाळाचे पुंजके तरंगतायत. कोकणातल्या हिरवट पाण्याची सवय असेल, तर हा नितळ, गर्द निळा रंग बघून हरखून जाल. पण इतकं निळं पाणी म्हणजे उपाशी पाणी. त्यात खत नाही, त्यामुळे फार काही उगवत नसणार, असाच इथे सगळ्यांचा समज आहे.

कर्रर्र! विंच फिरला. बाटल्यांचं कडं ठिबकत वर आलं आणि नळ्या, डबे घेऊन माणसं त्यावर तुटून पडली. बाजूला व्हा, कुणाचं तरी कोपर लागेल!

चला आत, त्या अंधाऱ्या खोलीत. पंख्यांची घरघर, गार झालेल्या कॉफीचा वास. लेझरचं हे धूड म्हणजे फ्लो सायटोमीटर, मुळात रक्तातल्या पेशींसाठी बनलेलं. ते डुलत्या जहाजावर चढवायचा घाट एमआयटीच्या पेनी चिझम आणि त्यांचे सहकारी रॉब ऑल्सन यांनी घातला. पाण्यातल्या पेशी दर्शनाच्या रांगेतल्या भाविकांसारख्या एकेक करत किरणापुढून सरकतात. जिच्यात हरितद्रव्य आहे ती लाल चमकते आणि पडद्यावर ठिपका उमटतो.

आता पडद्याच्या कोपऱ्यात बघा. अगदी मंद, गिचमीड ठिपके. यंत्राची खरखर असेल, म्हणाल. त्यांनाही आधी तेच वाटलं. पण जरा खोलवरचं पाणी घाला. ठिपके उजळले, खरखरीतून सुटे झाले. आणखी खोलचं घाला, आणखी उजळ! यंत्राच्या खरखरीला समुद्राची खोली कशी कळेल? खाली उजेड कमी, म्हणून या पेशी हरितद्रव्य वाढवून घेतात. पुढे यांचं नाव पडलं प्रोक्लोरोकॉकस. एका मिलिमीटरवर दीड हजार शेजारीशेजारी बसतील, आणि या उपाशी पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये लाखभर असू शकतात. मघाशी तोंडावर उडालेले शिंतोडे पुसलेत ना? गेले हजारो.

पेनींनी पुढची कित्येक वर्षं या जिवाच्या मागे घालवली. पदकं मिळाली, ती राहू द्यात. आपण उडी मारू थेट मुलांच्या वाचनालयात. खडूंचा वास, चिकट बोटं, कलकलाट. मांडी घालून बसा. समोर 'ओशन सनलाइट' उघडलंय, चित्रकार मॉली बँग आणि पेनी यांचं पुस्तक. यात सूर्य स्वतःच बोलतो आणि समुद्रातल्या इवल्या वनस्पतींची गोष्ट सांगतो. शेजारची पोर निळ्या पानावर बोट दाबून विचारते, "एवढे सगळे आहेत, तर मला समुद्रात एकही का नाही दिसला?"

द्या उत्तर. 'फ्लो सायटोमीटर' म्हणायचं नाही हं.