साठी, बुद्धी नाठी?

आजी एकच प्रश्न दहादा विचारायची, तेव्हा आम्ही हसायचो. साठी बुद्धी नाठी, दुसरं काय!

नोव्हेंबर १९०१, फ्रँकफर्ट. डॉ. अलोइस अल्झायमर ५१ वर्षांच्या आउगुस्टे डेटरला विचारतात, नवऱ्याचं नाव काय? ती स्वतःचंच नाव सांगते. डॉक्टर हसत नाहीत; प्रश्न, उत्तर, दोन्ही लिहून ठेवतात. १९०६ मध्ये ती गेली. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या मेंदूत पेशींमधले गुंते दिसले. म्हणजे हा नुसता म्हातारचळ नव्हता, आजार होता! त्याच वर्षी ट्युबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडलं, तर कुणी साधा प्रश्नही विचारला नाही. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिननं आपल्या पाठ्यपुस्तकात आजाराला अल्झायमरचं नाव दिलं.

आउगुस्टेची फाईल १९९५ मध्ये पुन्हा सापडली. आजीचं एकही वाक्य आम्ही लिहून ठेवलं नाही... नुसते हसलो.