पाणबुड्याची लघवी आणि हृदयाचा निरोप

हा विषय वर्गात काढला तर मुले हसतील. हसू द्यावीत. विहिरीत किंवा तलावात अर्धा तास पोहून आलेल्याला ठाऊक असते, की पाण्यात उतरल्यावर थोड्याच वेळात लघवी लागते. आपण त्याचे खापर थंडीवर फोडतो. थंडीचा हात आहेच. पण कोमट पाण्यातही हे घडते.

पाणबुड्यांची ही अडचण जुनी आहे. १८३९ मध्ये 'रॉयल जॉर्ज' या बुडालेल्या जहाजावर काम सुरू झाले, तेव्हा ऑगस्टस सीबे यांचा बंद पोशाख वापरला गेला. शिरस्त्राणाला जोडलेल्या त्या जलरोधक पोशाखात माणूस कोरडा राही, पण वर येऊन तो उतरवीपर्यंत नैसर्गिक विधीची सोय नसे. पुढे १९५० च्या दशकात वेटसूट आला. त्यात पाणी शिरतेच, त्यामुळे प्रश्न आपोआप सुटला, कसा ते सांगायला नको! थंड पाण्यासाठीच्या ड्रायसूटमध्ये मात्र ही मुभा नाही. आतले जाड कपडे हवा धरून ठेवतात म्हणून ऊब मिळते. ते भिजले, की ऊब गेली.

मग पाण्यात लघवी वाढते तरी का? जमिनीवर उभे असताना बरेचसे रक्त पायांच्या शिरांत साठते. पाण्यात बाहेरचा दाब खोलीबरोबर, म्हणजे पायांकडे वाढत जातो आणि हे रक्त वर छातीत ढकलले जाते. मानेपर्यंत पाण्यात बसलेल्या माणसाच्या छातीत असे सुमारे ७०० मिलिलिटर रक्त जास्त येते. ड्रायसूट मऊ असल्याने हा दाब अंगापर्यंत पोचतोच. कोरडे राहूनही सुटका नाही.

शरीराला याचा पत्ता लागतो हृदयात. ऑटो गावर आणि जेम्स हेन्री यांनी १९५० च्या दशकात कुत्र्यांवर प्रयोग केले. हृदयाचा डावा अलिंद, म्हणजे वरचा कप्पा, ताणला की लघवी वाढते असे त्यांना आढळले. अलिंदाच्या पेशींत बारीक कणिका असतात हेही त्याच सुमारास सूक्ष्मदर्शकातून दिसले होते, पण त्या कशासाठी? १९८१ मध्ये कॅनडात अडोल्फो डी बोल्ड व सहकाऱ्यांनी उंदरांच्या अलिंदाचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. त्यांच्या लघवीतून पाणी आणि सोडियम झपाट्याने बाहेर पडू लागले. हृदय हा केवळ पंप नसून संप्रेरक स्रवणारी ग्रंथीही आहे, हे यातून पुढे आले. आमच्या मते ही गोष्ट शाळेत आवर्जून सांगावी. पाण्यातल्या माणसाचे हृदय ताणते आणि 'रक्त फार झाले' असा निरोप मूत्रपिंडांना देते. वास्तविक रक्त वाढलेले नसते, फक्त जागा बदललेली असते.

हा गैरसमज पाणबुड्याला महागात पडू शकतो. बुडी मारण्यापूर्वी पाणीच प्यायचे नाही, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय. लघवी तरीही होते, शरीर शुष्क होते, आणि अशा अवस्थेत वर येताना रक्तात वायूचे बुडबुडे होऊन जडणाऱ्या आजाराचा धोका वाढतो असे मानतात. त्यापेक्षा प्रौढांचा डायपर बरा. लांबच्या बुडीसाठी पुरुष निरोधासारखी पिशवी लावतात. तिची नळी मांडीवरच्या झडपेतून सूटबाहेर जाते. स्त्रियांसाठी त्वचेला चिकटणारी वाटी मिळते. नळीतला दाब बाहेरच्या पाण्याइतका राखणारी झडप असली तर ठीक. नाहीतर खाली जाताना नळीतली हवा आकसते आणि पिशवी अंगाला वेदनादायक आवळते.