मानेची स्थिती, थायरॉइड शस्त्रक्रियेतील (रुग्णाची पूर्वतयारी)

थायरॉइड (अवटू) ग्रंथी काढताना रुग्णाला उताणे निजवून मान मागे झुकवतात. त्यासाठी खांद्यांखाली उशी किंवा वाळूची पिशवी सरकवतात आणि डोके रिंगमध्ये टेकवतात. टेबलाचा डोक्याकडचा भाग साधारण 15 ते 30 अंश उचलला की शिरांतला रक्ताचा फुगवटा ओसरतो आणि रक्तस्राव कमी होतो. मान ताणल्याने ग्रंथी वर व पुढे येते, छातीच्या हाडामागे उतरलेला भागही हाताशी येतो. डोके कधीही अधांतरी लोंबू द्यायचे नसते.

काशीचा या विषयाशी संबंध जुना आहे. काशिराज दिवोदासाकडे शिकलेल्या सुश्रुताच्या संहितेत गलगंडाचे (मानेवर वाढणाऱ्या गाठीचे) वर्णन आहे. शस्त्रकर्मावेळी रुग्णाला पूर्वाभिमुख बसवावे आणि वैद्याने पश्चिमाभिमुख असावे, असेही तिथे सांगितले आहे. म्हणजे रुग्णाला कसे बसवायचे, हा तेव्हाही शस्त्रकर्माचाच भाग होता. हिमालयातून उतरणाऱ्या पुरांनी तराई व गंगेच्या मैदानातल्या मातीतले आयोडीन धुऊन नेले, म्हणून काशी ज्यात येते त्या पूर्व उत्तर प्रदेशात गलगंड पिढ्यानपिढ्या दिसत आला. सरकारने 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. आयोडीनयुक्त मीठ त्यातूनच घरोघरी पोहोचले.

पूर्वतयारीचे मूळ कारण साधे आहे. जागा माणूस मान दुखली की सांगतो, सोडवून घेतो. भूल दिल्यावर स्नायू सैल पडतात, मानेची नैसर्गिक राखण जाते आणि एरवी सोसवला नसता इतका ताण दोन-दोन तास निमूट सोसला जातो. त्याचे मोल शुद्ध आल्यावर कळते : मानेत आखडलेपणा, डोक्याच्या मागच्या बाजूस ठणका, कधी मळमळ. मणक्यांची झीज, संधिवाताने सैल झालेला मानेचा वरचा सांधा किंवा डाऊन सिंड्रोम असेल, तर क्वचित मज्जारज्जूलाही इजा होऊ शकते.

म्हणून रुग्ण शुद्धीत असतानाच मान तपासावी. हातांना मुंग्या येतात का, वर पाहताना चक्कर येते का, पूर्वी मानेला मार लागला होता का, हे विचारावे. खांद्यांखाली उशी ठेवून त्याला निजवावे. त्रास न होता मान जिथवर जाते, तीच त्याची मर्यादा. ती नोंदवून भूलतज्ज्ञाला सांगावी. शंका असल्यास एक्स-रे किंवा एमआरआय काढतात. मोठ्या गाठीने श्वासनलिका दबलेली असेल तर रुग्णाला उताणे झोपताच धाप लागते. तिथे मानेआधी श्वासमार्गाचा विचार करावा लागतो. ही उशीची चाचणी पाच मिनिटांची आहे आणि घाईच्या यादीत तीच पहिली गळते. ती गळता कामा नये.

काही रुग्णालयांत, विशेषतः चीनमध्ये, आधीचे दोन-तीन दिवस सराव करून घेतात : जेवणानंतर पुरेसा वेळ गेल्यावर, खांद्यांखाली उशी घेऊन आधी काही मिनिटे, मग हळूहळू वाढवत. त्यामुळे नंतरची मानदुखी व डोकेदुखी कमी होते असे अनेक अभ्यासांत आढळले, मात्र हे अभ्यास बहुतेक लहान आहेत. मणक्याचा विकार असलेल्याला हा सराव डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यावा. शस्त्रक्रियेनंतरच्या मानेच्या हलक्या व्यायामाचा फायदा 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात दिसला.

शस्त्रक्रियेनंतर उठताना रुग्णाने दोन्ही हात मानेमागे धरून डोक्याला आधार द्यावा आणि कुशीवर वळून बसावे. हे आदल्या दिवशीच शिकवले, तर टाक्यांवर ताण येत नाही.