डोळ्यावरच्या पट्टीची गोष्ट

मंडळाच्या गणेशोत्सवात किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात एखादे चार-पाच वर्षांचे मूल एका डोळ्यावर रंगीत पट्टी चिकटवून हिंडताना तुम्ही पाहिले असेल. भारतातून नुकत्याच आलेल्या आजी-आजोबांना ते पाहून धसका बसतो. "डोळ्याला लागले की काय?" हा पहिला प्रश्न. खरे तर लागलेले काहीच नसते. झाकलेला डोळा चांगला असतो आणि उघडा ठेवलेला कमजोर! या उलट्या वाटणाऱ्या उपचारामागे जवळजवळ तीनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातली अलीकडची पाने अमेरिकेत, आपल्यापैकी अनेकजण इथे राहत असतानाच लिहिली गेली.

या विकाराला वैद्यकात अँब्लिओपिया म्हणतात, बोलीभाषेत 'लेझी आय' किंवा आळशी डोळा. नाव दिशाभूल करणारे आहे, कारण डोळा आळशी नसतो. तिरळेपणामुळे, दोन डोळ्यांच्या नंबरातील मोठ्या फरकामुळे किंवा जन्मजात मोतीबिंदूमुळे मेंदूकडे दोन न जुळणारी चित्रे जातात. मेंदू त्यातले चांगले निवडतो आणि दुसऱ्याकडे हळूहळू दुर्लक्ष करू लागतो. शंभरात साधारण दोन-तीन मुलांना हा त्रास असतो. एका डोळ्याने सगळे नीट दिसत असल्यामुळे मूल तक्रार करत नाही आणि घरच्यांना पत्ता लागत नाही.

म्हणजे प्रश्न असा: पाहणे हे डोळ्याचे काम की मेंदूचे? आणि ते जन्मतः येते की शिकावे लागते? डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ साली हाच प्रश्न तत्त्वज्ञ जॉन लॉक यांच्यापुढे मांडला. त्यांची पत्नी अंध होती, तेव्हा हा केवळ बुद्धीचा खेळ नव्हता. जन्मांध माणसाला स्पर्शाने गोल आणि घन ओळखता येतात. त्याला अचानक दृष्टी आली, तर हात न लावता तो ते ओळखेल का? दोघांचेही उत्तर 'नाही' असे होते. पुढे १७२८ साली लंडनचे शल्यविशारद विल्यम चेसल्डन यांनी तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाच्या मोतीबिंदूवरील शस्त्रक्रियेची हकीकत प्रसिद्ध केली. त्या मुलाला वस्तू डोळ्यांना चिकटल्यासारख्या वाटत. कुत्रा कोणता आणि मांजर कोणते, हे तो पाहून विसरे. मग मांजर हातात धरून, चाचपून, निरखून लक्षात ठेवी. डोळे उघडले होते, पण पाहणे अजून शिकायचे होते. पुढे १७४३ साली फ्रान्सच्या ब्यूफाँ यांनी तिरळेपणावर चांगला डोळा झाकून ठेवण्याचा उपाय सुचवला. आजची पट्टी ती हीच.

तिचे कारण मात्र दोनशे वर्षांनी कळले. डेव्हिड ह्यूबल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९५८ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये एकत्र काम सुरू केले आणि पुढे हार्वर्डमध्ये चालू ठेवले. त्यांनी १९६३ साली दाखवले, की मांजराच्या पिलाचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवला, तर नंतर तो उघडूनही मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील पेशी त्या डोळ्याला फारसा प्रतिसाद देत नाहीत. मोठ्या मांजराचा डोळा तसाच बंद ठेवला, तर काही बिघडत नाही. म्हणजे मेंदूच्या जडणघडणीला एक नाजूक काळ असतो. या कामाबद्दल दोघांना १९८१ चे नोबेल मिळाले.

वाचकहो, या शोधाने असंख्य मुलांचे भले केले. जन्मजात मोतीबिंदू पहिल्या काही आठवड्यांतच काढावा, हा आग्रह त्यातूनच बळावला. पण त्याची दुसरी बाजूही होती. 'नाजूक काळ' हळूहळू 'बंद दार' झाला. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलांच्या आईवडिलांना सर्रास सांगितले जाई, "आता उशीर झाला." हे वाक्य तपासून पाहायला बरीच वर्षे लागली.

अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या मदतीने १९९७ साली बालनेत्रतज्ज्ञांचा एक संशोधनगट उभा राहिला. मोठ्या संस्थांबरोबर गावोगावचे साधे दवाखानेही त्यात होते. त्यांनी २००२ मध्ये ४१९ मुलांचे निष्कर्ष मांडले: पट्टी लावा किंवा चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिनचे थेंब घालून त्याची नजर अंधूक करा, सहा महिन्यांनी फायदा जवळजवळ सारखाच. पुढच्या वर्षी दिसले, की मध्यम स्वरूपाच्या विकारात रोज दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकाच गुण देते. रडणाऱ्या मुलाच्या डोळ्यावरची पट्टी दिवसभर सांभाळणाऱ्या आईला यातले सुख वेगळे सांगायला नको.

सर्वांत मोलाचा अभ्यास २००५ चा. त्यात ७ ते १७ वयाची ५०७ मुले होती. सात ते बारा वयोगटात नुसत्या चष्म्याने शंभरातील २५ मुले सुधारली; त्याला पट्टी आणि थेंबांची जोड दिल्यावर ५३. तेरा वर्षांपुढे एकूण फरक फारसा नव्हता, पण ज्यांच्यावर आधी कधीच उपचार झाले नव्हते, त्यांच्यात तो ठळक होता: २० विरुद्ध ४७. दार बंद नव्हते, नुसते लोटलेले होते.

याच सुमारास एमआयटीचे प्रा. पवन सिन्हा यांनी 'प्रोजेक्ट प्रकाश' सुरू केला. जन्मजात मोतीबिंदू असूनही शस्त्रक्रियेपर्यंत न पोचलेली मुले भारतातील खेड्यापाड्यांतून शोधायची, दिल्लीच्या डॉ. श्रॉफ चॅरिटी आय हॉस्पिटलमध्ये त्यांच्यावर उपचार करायचे आणि त्यांचा मेंदू पाहायला कसा शिकतो, हे अभ्यासायचे. उपचार आणि संशोधन हातात हात घालून. मॉलिन्यूच्या प्रश्नाचे उत्तर २०११ साली ८ ते १७ वयाच्या अशा पाच मुलांनी दिले. हाताने चाचपलेला ठोकळा डोळ्यांनी ओळखणे त्यांना सुरुवातीला जमले नाही. पण पुढे थोड्याच दिवसांत जमू लागले. लॉक बरोबर होते, आणि 'उशीर झाला' म्हणणारे पूर्ण बरोबर नव्हते. या मुलांची नजर इतरांइतकी तीक्ष्ण होत नाही, हेही खरे. म्हणून लवकर उपचार सर्वांत चांगला. उशिराचा उपचार निरर्थक मात्र नाही.

एक गोष्ट अजून. काही मुलांचे डोळे तपासणीत निरोगी ठरतात, तरी त्यांना नीट दिसत नाही. अकाली जन्म किंवा जन्मावेळी प्राणवायू कमी पडणे, यामुळे मेंदूतील दृष्टीच्या वाटांना इजा झालेली असते. यालाच सेरेब्रल व्हिज्युअल इम्पेअरमेंट म्हणतात. प्रगत देशांत मुलांच्या दृष्टिदोषाचे हे आज एक प्रमुख कारण आहे. असे मूल गर्दीत आईला शोधू शकत नाही, पण हलणारा चेंडू चटकन टिपते. त्याला हट्टी किंवा मंद म्हणून मोकळे होणे सोपे असते. तसे होऊ देऊ नका.

आपल्या घरांत "थोडा तिरळेपणा भाग्याचा" किंवा "मोठा झाला की आपोआप जाईल" असे म्हणणारी वडीलधारी माणसे असतात. त्यांच्या मायेचा आदर ठेवूनही तपासणी करून घ्या. तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान प्रत्येक मुलाची नजर एकदा तरी तपासावी, अशी या देशातील प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञमंडळाची शिफारस आहे. ते वय उलटून गेले असेल, मूल दहाचे किंवा चौदाचे असेल, तरीही जा. आणि पुढच्या कार्यक्रमात पट्टी लावलेले मूल दिसले, तर "काय झाले?" असे विचारू नका. पट्टीवर कोणते चित्र आहे, ते विचारा.