क्रूझ कंट्रोल
ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता मोटारीचा ठरवलेला वेग कायम राखणारी यंत्रणा. बालपणीच दृष्टी गमावलेले अमेरिकन अभियंते राल्फ टीटर यांना तिचे पेटंट १९५० मध्ये मिळाले; क्रायस्लरने १९५८ च्या इम्पीरियल मोटारीत ती दिली. संवेदकाने मोजलेला वेग नियंत्रक ठरवलेल्या वेगाशी सतत ताडून पाहतो. चढावर वेग घटला की थ्रॉटल अधिक उघडते, वेग वाढला की मिटू लागते. केवळ त्या क्षणाचा फरक पाहून भागत नाही. लांब चढावर थोडी तूट उरतेच, म्हणून साचत गेलेला फरकही हिशेबात धरतात. ही या यंत्रणेतील खरी हुशारी. ब्रेक दाबताच नियंत्रण चालकाकडे परतते. पारंपरिक यंत्रणा पुढचे वाहन ओळखत नाही. म्हणून दाट रहदारीत ती बंदच ठेवावी; घाटात व ओल्या रस्त्यावरही ती वापरू नये.