‘स्मोकी’चा लेखक

गाईचे वासरू आधी मागच्या पायांवर उठते आणि घोडीचे शिंगरू आधी पुढचे पाय रोवते, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. पण शिंगराची ती पहिली धडपड कागदावर उतरवायची, तर ती जवळून पाहिलेली असावी लागते. विल जेम्स या अमेरिकन लेखकाने ती पाहिली होती. त्याची ‘स्मोकी’ ही कादंबरी तिथूनच सुरू होते.

हे पुस्तक 1926 साली निघाले. स्मोकी हा उंदरी रंगाचा घोडा. माळावर मोकळा वाढलेला. क्लिंट नावाचा गुराखी त्याला हळूहळू माणसाळवतो, आणि दोघांचा जीव एकमेकांवर जडतो. मग घोडा चोरीला जातो. चोराचा मार खाऊन तो माणसाचाच वैरी बनतो. रोडिओच्या खेळात स्वारांना फेकून देणारा, पुढे भाड्याचा, शेवटी भाजीच्या गाडीला जुंपलेला हाडांचा सापळा. आणि तिथे क्लिंट त्याला ओळखतो. गोष्ट एवढीच. चित्रेही लेखकाचीच आहेत. भाषा गुराख्याच्या तोंडची, व्याकरणाची फारशी पर्वा न करणारी. तरी 1927 साली अमेरिकेतल्या ग्रंथपालांनी तिला बालसाहित्याचे न्यूबेरी पदक दिले. (पुढच्याच वर्षी ते पदक धनगोपाल मुखर्जी या बंगाली लेखकाला, एका कबुतराच्या कथेसाठी मिळाले.) एक दोष मात्र शिक्षकांनी ध्यानात ठेवावा. घोडाचोर मिश्र वंशाचा दाखवला आहे आणि त्याच्या दुष्टपणाचे खापर लेखक त्याच्या रक्तावर फोडतो. मुलांना वाचून दाखवताना तिथे थांबून बोलायला हवे.

आता लेखकाविषयी. 1930 साली त्याने आत्मचरित्र लिहिले. मॉन्टानात जन्म, आईबाप लहानपणीच गेले, बोपी नावाच्या फ्रेंच कॅनेडियन फासेपारध्याने सांभाळले, अशी ती हकिकत. लोकांनी ती डोळे मिटून खरी मानली. वास्तविक तो कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातला, 1892 साली जन्मलेला एर्नेस्ट द्यूफो. घरची भाषा फ्रेंच. आईबाप होते, भावंडे होती. पंधराच्या आसपासचे वय असताना तो पश्चिमेकडे निघाला आणि गुराखी झाला. बोपी का निर्माण करावा लागला, हे उघड आहे. बोलण्यातला फ्रेंच हेल कुठून आला, याला काहीतरी उत्तर हवे ना!

नेवाडात गुरे चोरल्याबद्दल त्याने तुरुंगवासही भोगला. 1916 साली सुटला. पुढे एका घोड्याने फेकल्यामुळे डोक्याला जबर मार बसला आणि तो चित्रांकडे व लिखाणाकडे वळला. नाव झाले, पैसा आला, मॉन्टानात स्वतःची रँच झाली. पण पोटात ठेवलेली गोष्ट सांगता येत नव्हती, आणि दारू सुटत नव्हती. 1942 साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, दारूनेच त्याचा अंत झाला.

मला राहून राहून वाटते, की खरी हकिकतच अधिक मोठी होती. गुराख्यांची बोली परक्या मुलखात शिकून तिच्यात पदक मिळवणारा मुलगा! पण 1930 च्या वाचकाला अस्सल, तिथेच जन्मलेला गुराखी हवा होता, आणि तो त्याने दिला. अँथनी अमराल या चरित्रकाराने 1967 साली खरे नावगाव छापले, तेव्हा लेखकाला जाऊन पंचवीस वर्षे झाली होती.