राणी गादीवर, पण बाईचं नाव कागदावर?

अंबाजोगाईहून परळीला वैजनाथाच्या दर्शनाला आपण जातो. त्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. शेजारच्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीची ही लेक, जन्म १७२५ चा.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात नवरा खंडेराव गेला. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेरावही गेला. घरात कर्ता पुरुष उरला नाही असं पाहून राघोबादादा फौज घेऊन निघाले. अहिल्याबाई हटल्या नाहीत. माधवराव पेशव्यांनी कारभार त्यांच्याकडेच ठेवला आणि १७९५ पर्यंत त्यांनी तो चालवला.

त्या काळी साहेबाच्या देशात बाईची काय गत होती? तिथंही शतकाच्या सुरुवातीला, १७०२ ते १७१४, ॲन नावाची राणी गादीवर होती. पण इंग्लंडातल्या साध्या बाईचं लग्न झालं, की कायद्यापुढं ती वेगळी उरतच नसे. ब्लॅकस्टोन या कायदेपंडितानं १७६५ साली लिहून ठेवलं, की नवरा-बायको मिळून कायद्याला एकच माणूस. तो माणूस कोण, हे सांगायला नको! बाईनं माहेरून आणलेला पैसा नवऱ्याचा. सूत कातून मिळवलेली मजुरीही नवऱ्याची. जमीन तिची असली, तरी खंड तोच घेणार. श्रीमंत बाप वकील लावून लेकीसाठी वेगळी तजवीज करायचे. गरिबाच्या लेकीला ती कुठली?

पुढं जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्यानं माळव्यात अहिल्याबाईंच्या आठवणी गोळा केल्या. त्यात सिरोंजच्या एका सावकाराच्या विधवेची गोष्ट आहे. तिला मूल दत्तक घ्यायचं होतं. तिथला अंमलदार त्यासाठी भलीमोठी रक्कम मागू लागला. बाई थेट महेश्वरला गेली. अहिल्याबाईंनी अंमलदाराला काढलं, दत्तक मान्य केलं आणि नजराणा घेतला नाही.

मैत्रिणींनो, त्या विधवेला न्याय मिळाला, कारण गादीवर अहिल्याबाई होत्या. दुसरं कुणी असतं तर? राज्यकर्ती भली असणं हे नशीब. हक्क कायद्यात लागतो.

इंग्लंडातल्या बायकांनी सह्या गोळा केल्या, अर्ज केले. तेव्हा कुठं १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी बायकोची कमाई आणि मालमत्ता तिची झाली. आपल्याकडं १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला आणि लेकीला वाटा दिला. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला लेकाच्या बरोबरीला आणलं, २००५ मध्ये देशभर तसं झालं.

कायदा आला, पण सातबाऱ्यावर आपलं नाव आलं का? गटाच्या पुढच्या बैठकीला उतारा घेऊन या, एकमेकींना वाचून दाखवा. आणि माहेरी हक्कसोडपत्र पुढं आलं, तर अंगठा उठवायच्या आधी सिरोंजची ती बाई आठवा. ती घरात रडत बसली नाही, महेश्वरला गेली. आपल्याला तर तहसीलपर्यंतच जायचंय.